खंडाचं रान की सरकारी रान: मिसूरीतल्या तीन हंगामांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण हरणाच्या शिकारीचं आहे. त्यातली चार माणसं शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत राहतात. नावं गाळली आहेत आणि काऊंटीही, म्हणजे तिथला जिल्हा, सांगत नाही. एक, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, मूळचे सिंधुदुर्गातले, पन्नाशी ओलांडलेले. दुसरे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, ज्यांच्या सुट्ट्या वर्षभर आधी ठरतात. तिसरा धाकटा, एच-1बी व्हिसावर, ग्रीनकार्डाच्या रांगेत. चौथा मी. त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणत नाही. हिशेबाची वही माझ्याकडे होती, तेवढाच माझा अधिकार.

भाऊंच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. विधानसभेची निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि नेमकी तेव्हाच डुकरं पिकल्या भातात शिरायची, हे भाऊ दरवर्षी सांगतात आणि आम्ही दरवर्षी ऐकतो. आपल्याकडची हौसेची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि 1991 च्या दुरुस्तीने संपली. ती संपली ते बरंच झालं, यावर आमच्यात कधी वाद नाही. अमेरिकेतला मामला निराळा आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत, कुठे किती मारायची ते राज्याचं खातं ठरवतं आणि मारलेल्या हरणाचं मांस विकता येत नाही. बंदुका-काडतुसांवरचा केंद्राचा कर 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. म्हणजे काडतुसाचा डबा घेतला की जंगलाच्या डब्यातही काही पडतं.

मग आमचं राज्य इलिनॉय सोडून बाहेर का जायचं? कारणं दोन. इलिनॉयमध्ये बंदुकीने हरणाचा हंगाम तुटक असतो, नोव्हेंबरात तीन दिवस आणि पुढे चार. शिवाय 2022 पर्यंत तिथे हरणासाठी रायफल चालतच नव्हती. 2023 पासून एकबारी रायफलला परवानगी मिळाली. शेजारच्या मिसूरीत नोव्हेंबरचा हंगाम सलग अकरा दिवस, रायफल चालते आणि बाहेरच्या माणसालाही परवाना सोडतीशिवाय, दुकानातून दूध घ्यावं तसा मिळतो. आमच्या घरापासून उत्तर मिसूरी सहा तासांच्या आत.

अडचण

परवाना मिळणं आणि बसायला जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिसूरीतली सुमारे 93 टक्के जमीन खासगी मालकीची. उरलेल्यात दक्षिणेकडचं मार्क ट्वेन राष्ट्रीय वन, पंधरा लाख एकरांच्या घरातलं, आणि राज्यभर विखुरलेली खात्याची राखीव रानं, ज्यांना तिथे कॉन्झर्व्हेशन एरिया म्हणतात. ही रानं लोकांच्या पैशातून उभी राहिली. 1976 मध्ये मिसूरीच्या मतदारांनी विक्रीकरातला एक अष्टमांश टक्का कायमचा या कामाला द्यायचं मतदानाने ठरवलं. आत जायला तिकीट नाही, बाहेरच्याला मज्जाव नाही.

बाहेरच्याकडून पैसे मात्र घसघशीत घेतात. 2022 मध्ये मिसूरीच्या रहिवाशाला जो परवाना वीस डॉलरच्या आत मिळत होता, त्याचे आम्ही प्रत्येकी 265 मोजले. हा अन्याय आहे असं डॉक्टर पहिल्या वर्षी फार तावातावाने म्हणायचे. पण हा वाद जुना आहे आणि निकालात निघालेला आहे. मोंटाना राज्यात एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला रहिवाशाला 9 डॉलर आणि बाहेरच्याला 225 डॉलर पडायचे, त्यावरून काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1978 मध्ये न्यायालयाने राज्याच्या बाजूने कौल दिला: हौसेची शिकार हा मूलभूत हक्क नव्हे, राज्य बाहेरच्याकडून जास्त घेऊ शकतं.

तेव्हा प्रश्न असा होता: चार माणसं, प्रत्येकाकडे वर्षाला जास्तीत जास्त पाच दिवस, त्यातला एक दिवस गाडीत. सरकारी रानात फुकट बसायचं की कुणा शेतकऱ्याचं रान शिकारीपुरतं खंडाने घ्यायचं?

समोरचे पर्याय

आयोवा आणि कॅन्सस या दोन राज्यांचे पर्याय आम्ही एका संध्याकाळीच बाजूला ठेवले. आयोवात मोठे नर असतात, पण बाहेरच्यांसाठी कुठलंही हरीण मारायचे परवाने वर्षाला 6,000 आणि तेही सोडतीने. चांगल्या विभागासाठी काही वर्षं गुण साठवत बसावं लागतं. धाकट्याचं म्हणणं, रांगेत उभं राहण्याचा माझा कोटा संपलाय. कॅन्ससमध्ये अर्ज एप्रिलमध्ये करावा लागतो आणि आम्ही बोलायला बसलो तेव्हा जून उजाडला होता. सगळी व्यवस्था करून देणाऱ्या आउटफिटरचा भाव ऐकून तर भाऊ नुसतेच हसले.

राहिले दोन. सरकारी रानाच्या बाजूने पैसा होता, आणि मोकळीकही: एक जागा जमली नाही तर दुसरीकडे जायचं, कुणाला विचारायचं नाही. विरुद्ध बाजूला गर्दी. शिवाय प्रत्येक रानाचे नियम वेगळे. एकात रायफल चालते, शेजारच्यात फक्त धनुष्यबाण, तिसऱ्यात आधी नाव नोंदवून सोडत.

खंडाच्या रानाच्या बाजूने निश्चिती होती. आपलं मचाण, आपली वाट, ऑगस्टमध्ये एकदा जाऊन लावून आलो की नोव्हेंबरात अंधारातही डोळे मिटून पोचता येतं. विरुद्ध बाजूला पैसा, विमा आणि कागद.

धाकट्याची एक वेगळीच भानगड होती, आणि ती अनेक वाचकांची असेल म्हणून सांगतो. केंद्राच्या कायद्याने एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. त्याला एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला वैध शिकारपरवाना जवळ असेल तर चालतं. म्हणजे क्रम महत्त्वाचा, आधी परवाना आणि मग बंदुकीला हात. धाकट्याने हे वाचलं, वकिलाला विचारलं आणि शेवटी क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं धरून घोडा दाबायचं धनुष्य, घेतला. "माझी फाईल आधीच जाड आहे, त्यात काडतुसाचा कागद नको," असं त्याचं म्हणणं. मिसूरीत बंदुकीच्या हंगामातही धनुष्य आणि क्रॉसबो चालतात. पण क्रॉसबोवाल्याला हरीण तीस-चाळीस पावलांवर लागतं. माणसांची ये-जा असलेल्या रानात ते कसं जमावं? हा मुद्दा आम्ही पहिल्या वर्षी विचारातच घेतला नाही.

पहिला हंगाम: सरकारी रान

निर्णय पैशावर झाला. आधी रान ओळखू, मग पैसे घालू, असं ठरलं. वरकरणी हे शहाणपणाचं वाटतं.

12 नोव्हेंबर 2022, शनिवार, हंगामाचा पहिला दिवस. पहाटे साडेचारला आम्ही एका राखीव रानाच्या खडीच्या तळावर पोचलो तर आठ गाड्या आधीच उभ्या. कपाळावर दिवा बांधलेली माणसं एकमेकांना हळू आवाजात विचारत होती, तुम्ही कुठल्या बाजूला? हा तिथला शिष्टाचार आहे आणि तो सगळे पाळतात. पण उत्तरं ऐकता ऐकता आमच्या नकाशावरच्या चारपैकी तीन जागा गेल्या.

डॉक्टर ओढ्याकाठच्या एका ओकवर बसले. सूर्योदयाआधी अर्धा तास बार काढायची वेळ सुरू होते. तोवर सगळं शांत. सात वाजता त्यांच्या झाडाखालून नारिंगी जाकिटातला एक मुलगा गेला, त्याच्या मागून त्याचे वडील. वडिलांनी वर पाहून टोपीला हात लावला. "ऑपरेशन चालू असताना कुणी थिएटरमधून शॉर्टकट मारावा तसं वाटलं," असं डॉक्टर नंतर म्हणाले. शनिवार-रविवार दोन्ही दिवस हेच. धाकट्याने चाळीस पावलांवर फक्त खारी पाहिल्या.

सोमवारी तळावर दोन गाड्या होत्या. मंगळवारी फक्त आमची. मंगळवारी सकाळी भाऊंनी तळापासून सव्वा मैल आत एक मादी टिपली. पुढचे चार तास ती ओढत आणण्यात गेले. दोन उतार, एक ओहळ आणि बर्फ पडायला सुरुवात. हरणाच्या पायांना दोरी बांधून आळीपाळीने ओढताना कुणी काही बोलत नव्हतं. परवान्यावर खूण, रात्री दहाच्या आत फोनवरून नोंद, मग पेट्रोल पंपाच्या उजेडात गाडीच्या मागच्या फळीवर मांस सोडवणं. हाडं मागे ठेवायची, फक्त सोडवलेलं मांस घेऊन राज्याची हद्द ओलांडायची, असं आम्ही ठरवलं होतं. हरणांमधला सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा असाध्य रोग पसरू नये म्हणून मेंदू आणि मणका इकडून तिकडे नेण्यावर राज्याराज्यांत बंधनं आहेत.

चौघांचा खर्च: परवाने 1,060 डॉलर, मोटेल, पेट्रोल आणि खाणं धरून एकूण एकोणीसशेच्या आसपास. हरीण एक.

इथे आमची पहिली चूक झाली, ती परतीच्या गाडीत. आम्ही निष्कर्ष काढला की सरकारी रान वाईट. वही नीट वाचली असती तर दिसलं असतं की शनिवार-रविवार वाईट होते, रान नव्हे. अकरा दिवसांच्या हंगामातले सर्वांत गर्दीचे दोन दिवस आम्ही निवडले आणि त्या दोन दिवसांवरून अकरांचा न्याय केला. पण सव्वा मैल हरीण ओढून आलेल्या माणसांपुढे असलं गणित मांडायची सोय नसते. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी खंडाने रान घ्यायचं. कुणीही नाही म्हटलं नाही.

दुसरा हंगाम: खंडाचं रान

जाहिरात फेब्रुवारी 2023 मध्ये सापडली. 160 एकर. तिकडे जमीन चौकोनी आखलेली. एक चौरस मैल म्हणजे 640 एकरांचा सेक्शन, त्याचा हा चौथा भाग. निम्म्यात मका-सोयाबीन, बाकी ओक, हिकरी आणि मधून जाणारा ओढा. एकरी वीस डॉलर, म्हणजे वर्षाचे 3,200. शेतकरी सत्तरीतला, फोनवर मोजकं बोलणारा.

जाहिरातींत फसवाफसवी असते हे ऐकून होतो. दुसऱ्याच्याच शेताचे फोटो टाकून आगाऊ रक्कम घेणारे महाभाग तिथेही आहेत. म्हणून मी काऊंटीच्या नोंदी पाहिल्या. तिथला सातबारा म्हणा ना. जमीन त्या शेतकऱ्याच्या आडनावाच्या कौटुंबिक ट्रस्टच्या नावावर. आडनाव जुळलं, मी खूण केली आणि पुढे गेलो.

या ओळीवर मला आजही थांबावंसं वाटतं. गावाकडे सातबाऱ्यावर दोन नावं दिसली की आपण चहा प्यायच्या आधी दुसऱ्या नावाची चौकशी करतो. बहिणीचा हिस्सा सुटलाय का, हक्कसोडपत्र झालंय का, सगळं विचारतो. इथे इंग्रजीत छापलेला 'ट्रस्ट' शब्द पाहिला आणि मला तो भरवशाचा वाटला. त्या ट्रस्टमध्ये शेतकऱ्याची बहीणही होती, हे आम्हाला नोव्हेंबरात कळलं.

कागद एक पानाचा होता. चौघांची नावं, तारखा, रक्कम, शिकारीचा हक्क, आग लावू नये, फाटक बंद ठेवावं. शेतकऱ्याने विम्याचा आग्रह धरला आणि त्यात त्याचं नाव घालायला लावलं. डॉक्टरांना हे अति वाटलं, पण यामागे कारण आहे. मिसूरीच्या कायद्यात पैसे न घेता लोकांना आपल्या जमिनीवर फिरू-शिकारू देणाऱ्या मालकाला अपघाताच्या जबाबदारीतून मोठं संरक्षण मिळतं. एक डॉलर जरी घेतला तरी ते संरक्षण जातं. म्हणजे खंड घेणारा शेतकरी खरोखरच जोखीम विकत घेत असतो. विम्याचे 250 आम्ही भरले. प्रत्येकी भार सुमारे 860 डॉलर, परवाने आणि प्रवास वेगळा.

ऑगस्टमध्ये मी आणि भाऊ जाऊन चार मचाणं लावून आलो. उन्हात, टिक किड्यांत, पण मजेत. धाकट्याचं मचाण ओढ्याच्या वळणावर, जिथे हरणांची वाट पंचवीस पावलांवरून जात होती. क्रॉसबोसाठी याहून चांगली जागा सांगून मिळाली नसती.

11 नोव्हेंबर 2023. पहाटे एकही गाडी नाही. भाऊ म्हणाले, वसूल झाले पैसे. साडेसहाला पश्चिमेच्या बांधावर दिव्याचा उजेड दिसला.

तो शेतकऱ्याचा भाचा होता. पंचविशीतला, अंगाने दांडगा, आम्हाला पाहून तोही चपापला. लहानपणापासून तो पहिल्या शनिवारी त्याच कोपऱ्यात बसत आला होता. मामाने चार जणांना रान दिलंय हे त्याला माहीत होतं. आपण यायचं नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या कागदात आम्हाला हक्क आहे असं लिहिलं होतं. तो फक्त आम्हालाच आहे, हे कुठेच लिहिलं नव्हतं.

भाऊंनी त्याच्याशी हात मिळवला, तुझा कोपरा तुझ्याकडे ठेव म्हणाले आणि आम्ही पूर्वेकडे सरकलो. वादाचा दिवस नव्हता तो. पण दुपारी धाकटा ओढ्याकडून वर आला तो गंभीर चेहऱ्याने. भाच्याच्या मचाणाखाली मक्याच्या दाण्यांचा ढीग होता, टोपलीभर तरी, वरचा ओला आणि फुगलेला.

मिसूरीत दाणा टाकून हरीण मारणं गुन्हा आहे. नुसता दाणा उचलून भागत नाही. सगळा काढल्यावरही दहा दिवस ती जागा दाणा टाकलेलीच धरली जाते. आणि तुम्ही स्वतः टाकला नसेल पण तुम्हाला माहीत असेल, तर तिथे बसणारे तुम्हीही दोषी. धाकट्याचं मचाण त्या ढिगापासून दोनशे पावलांवर. किती अंतर म्हणजे सुरक्षित, याचा आकडा कायद्यात शोधत बसण्याची ती वेळ नव्हती.

दुपारी दीड वाजता गाडीत बसून चौघांनी पर्याय मोजले. खात्याच्या अधिकाऱ्याला फोन करायचा. तो योग्य मार्ग, पण त्याचा पहिला दणका भाच्याला. शेतकऱ्याला सांगायचं. की काही पाहिलंच नाही असं समजून पूर्वेला बसायचं. तिसरा पर्याय धाकट्याने उडवून लावला. व्हिसावरच्या माणसाला असली माहिती पोटात ठेवणं परवडत नाही. भाऊंचा कल शेतकऱ्याकडे होता आणि तेच केलं. शेतकऱ्याने ऐकून घेतलं, बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, मी बघतो. संध्याकाळी ढीग उचललेला होता. पश्चिमेचा अर्धा भाग, धाकट्याच्या मचाणासकट, आमच्या हंगामापुरता गेला. खंड मात्र 160 एकरांचाच भरला होता.

आज तीच वेळ आली असती तर मी अधिकाऱ्याला फोन करून नुसती चौकशी केली असती, नाव न घेता, की अशा परिस्थितीत आम्ही कुठवर बसू शकतो. तेवढं विचारण्याने भाचा अडकला नसता आणि आम्हाला आमचा निम्मा पूर्व भाग तरी निर्धास्तपणे वापरता आला असता. आम्ही भीतीपोटी त्यातलाही बराचसा सोडला.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी पूर्वेच्या टोकाला शिंगांना आठ टोकं असलेला नर टिपला. त्या काऊंटीत पहिल्या शनिवार-रविवारी मारलेलं प्रत्येक हरीण त्याच दिवशी सीडब्ल्यूडीच्या तपासणीला नेणं सक्तीचं होतं. केंद्रावर दोन तासांची रांग. खात्याची एक मुलगी हातमोजे घालून हरणाच्या गळ्यातल्या गाठी काढत होती, आणि डॉक्टर तिच्या चाकूकडे इतक्या कौतुकाने पाहत होते की शेवटी तिनेच विचारलं, तुम्ही कुठल्या खात्यात? अहवाल काही आठवड्यांनी आला, रोग नव्हता. तोवर मांस फ्रीझरमध्ये, न खाता. मग डिसेंबरात भाऊंच्या घरी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा झाला. मांसाला चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे तेल सढळ लागतं आणि शिजायला वेळही.

करार पुन्हा करताना

जानेवारीत मी दोन पानांचा नवा मसुदा पाठवला. चौघांखेरीज कुणीही हंगामात येणार नाही. दाणा टाकलेला आढळल्यास त्या दिवसांचा खंड परत. हंगामात मका न काढता शेतात उभाच राहिला तर काय. वाक्यं साधी होती, धमकी नव्हती.

शेतकऱ्याचा फोन भाऊंना आला, मला नाही. पैशाचं काय ते बघू, म्हणाला. पण बहिणीच्या मुलाने माझ्या शेतावर यायचं नाही, असं मी कागदावर लिहून देणार नाही.

डॉक्टर संतापले. त्यांच्या मते हा सरळ व्यवहार होता, पैसे घेतले तर माल द्या. भाऊ म्हणाले, "माझा आजोबाही हेच म्हणाला असता. आणि तो म्हणाला असता तर तुम्हाला बरोबर वाटलं असतं." यावर बराच वेळ शांतता होती. मला दोघंही बरोबर वाटतात. भाच्याला वगळणं त्या माणसाला शक्य नव्हतं. पण मग ते फेब्रुवारी 2023 मध्ये सांगणं शक्य होतं, आणि आम्ही विचारलं असतं तर बहुधा त्याने सांगितलंही असतं. आम्ही भाव विचारला, हद्द विचारली, ओढ्याला पाणी किती विचारलं. या रानात आणखी कोण येतं, हे विचारलं नाही. करार मोडला नाही, फक्त पुढे चालू झाला नाही. विम्याचे पैसे गेले ते गेले.

तिसरा हंगाम: पुन्हा सरकारी, पण वेगळ्या वेळी

2024 मध्ये हंगाम 16 नोव्हेंबरला उघडला. आम्ही 19 ला निघालो. शनिवार-रविवार स्थानिकांना सोडून दिले; त्यांना सोमवारी कामावर जायचं असतं, आम्हाला तसंही रजाच टाकायची होती. डॉक्टरांची सुट्टी बसेना, म्हणून ते त्या वर्षी आलेच नाहीत. हाही निर्णयाचाच भाग धरला पाहिजे: सरकारी रान ज्या दिवसांत चांगलं असतं ते दिवस सगळ्यांना मिळत नाहीत. ज्याला फक्त पहिला शनिवार-रविवार मिळतो, त्याच्यासाठी खंडाचं रान महाग असलं तरी कदाचित तेच योग्य.

जुलै-ऑगस्टच्या रात्री मी ऑनएक्सच्या नकाशावर घालवल्या. हे अॅप प्रत्येक तुकड्याची मालकी रंगाने दाखवतं. कॉन्झर्व्हेशन एरियांबरोबर आणखी एक प्रकार सापडला: खातं काही शेतकऱ्यांना पैसे देऊन त्यांची रानं लोकांना पायी फिरायला खुली ठेवतं. तुकडे छोटे, पाटी साधी, त्यामुळे गर्दी कमी. एका ठिकाणी सरकारी चाळीस एकर दिसले, पण वाट नाही. चारी बाजूंनी खासगी, फक्त एका कोपऱ्याला दुसरं सरकारी रान टेकलेलं. कोपऱ्यावरून उडी मारून जायचं का, असं धाकट्याने विचारलं. वायोमिंगमध्ये नेमकं हेच केलं म्हणून चार शिकाऱ्यांवर खटला झाला होता, आणि गंमत म्हणजे ते चौघं मिसूरीचेच होते. 2021 मध्ये ते कोपऱ्यावर शिडी उभी करून खासगी जमिनीला पाय न लावता पलीकडे उतरले. पुढे, 2025 मध्ये, अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण तो निकाल मिसूरीला लागू होणाऱ्या न्यायालयाचा नाही आणि 2024 मध्ये तर तो लागलाही नव्हता. चाळीस एकर सोडले.

सुट्या मचाणांचा नियमही आधी वाचला. कॉन्झर्व्हेशन एरियात सप्टेंबर ते जानेवारी एवढंच ते ठेवता येतं, वर नाव-पत्ता किंवा खात्याने दिलेला क्रमांक हवा आणि झाडात खिळे ठोकायचे नाहीत. धाकट्याचं लेबल त्याच्या आईने पुण्याहून पाठवलेल्या स्टीलच्या डब्याच्या झाकणावर कोरलेलं होतं. प्लास्टिकचं टिकत नाही, असं त्याचं म्हणणं.

बुधवारी तळावर आमच्याशिवाय एक गाडी. गुरुवारी सकाळी पावणेआठला धाकट्याने पस्तीस पावलांवरून मादी टिपली. बाण लागल्यावर अर्धा तास जागचं हलायचं नाही, हे त्याला भाऊंनी शंभरदा सांगितलं होतं. तो चाळीस मिनिटं बसून राहिला, मग माग काढला. पानांवरचे थेंब ऐंशी पावलांपर्यंत. या वेळी मी पेट्रोल पंपावरून घेतलेली प्लास्टिकची घसरपट्टी बरोबर आणली होती, मुलं बर्फावर वापरतात तसली. तळ अर्धा मैल. तास लागला.

तिघांचा खर्च मिळून चौदाशेच्या आत. हरीण एक. 2022 इतकंच, म्हणाल तर. पण तीन दिवसांत धाकट्याने अकरा हरणं पाहिली. पहिल्या वर्षी चौघांनी मिळून चार पाहिली होती.

पुढे काय झालं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेतकऱ्याचा भाऊंना फोन आला. ओढ्याकाठी माद्या फार झाल्यात, सोयाबीनची कड खाल्ली. माद्यांचा उशिराचा हंगाम उघडतोय, याल का? भाऊंनी खंड विचारला. पैसे नकोत, म्हणाला. त्याच्या वकिलाने सांगितलं होतं, घेतले नाहीत तर विम्याचीही कटकट नाही.

मी आणि भाऊ गेलो. रविवारी दुपारी भाऊंनी एक मादी टिपली, ओढ्याच्या पलीकडे, नेमकी धाकट्याच्या जुन्या वळणावर. दोघांनी ओढायचं म्हणजे संध्याकाळ झाली असती. भाऊंनी शेतकऱ्याला फोन लावला. वीस मिनिटांनी ट्रॅक्टर आला, पुढच्या बादलीत दोरी टाकलेली. चालवायला भाचा होता.